लिस्पचा प्रोग्रॅम लायब्ररी म्हणून वापरताना ‘व्हेरिएबल अनबाउंड’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉमन लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला एखादा मोठा प्रोग्रॅम आपल्या कोडमधून वापरायला घेतला, की पहिल्या तासाभरात बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते: अमुक व्हेरिएबल अनबाउंड आहे. त्याबद्दल पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः मॅक्सिमाची आहेत. हा गणिती प्रोग्रॅम म्हणजे एमआयटीत १९६८ साली सुरू झालेल्या मॅकसिमा या प्रोग्रॅमचा वारस. बिल शेल्टर यांनी १९८२ पासून तो सांभाळला आणि १९९८ साली जीपीएल या मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करायची परवानगी मिळवली. माणसाने समोर बसून वापरावा म्हणून तो लिहिलेला आहे, आणि म्हणूनच लायब्ररी म्हणून वापरताना तो जितकं शिकवतो तितकं दुसरं काही शिकवत नाही.

ग्लोबल व्हेरिएबलच्या नावाच्या दोन्ही टोकांना तारका लावायची लिस्पमधली पद्धत आहे. वाचायला सोपं जावं म्हणून त्या इथे गाळल्या आहेत. कोडमध्ये मात्र त्या नावाचाच भाग असतात.

१. अनबाउंड म्हणजे नील ना?

नाही. नील ही एक किंमत आहे: रिकामी यादी किंवा ‘खोटं’. अनबाउंड म्हणजे त्या नावाखाली किंमतच ठेवलेली नाही. डेफव्हार ही ग्लोबल व्हेरिएबल जाहीर करायची सूचना. (डेफव्हार मार्ग) एवढंच लिहिलं तर लिस्पला कळतं की ‘मार्ग’ हे स्पेशल, म्हणजे डायनॅमिक (कॉल होणाऱ्या आतल्या फंक्शनांनाही दिसणारं) व्हेरिएबल आहे. त्यात काहीही जात नाही. ते वाचायला गेलात की अनबाउंड-व्हेरिएबल ही एरर येते. उलट लेटमध्ये (कोडच्या एका तुकड्यापुरतं व्हेरिएबल बांधणारी रचना) किंमत न देता नुसतं नाव लिहिलं तर तिथे नील बसतो. हा फरक नीट समजला नाही की पुढची सगळी उत्तरं गोंधळाची वाटतात.

२. प्रोग्रॅम नेहमीसारखा चालवला की ठणठणीत चालतो. तोच लोड करून त्यातलं एक फंक्शन कॉल केलं की एरर. असं का?

कारण तुम्ही मुख्य दरवाजाने न जाता खिडकीतून आत शिरला आहात. नेहमीच्या पद्धतीने चालवलं की प्रोग्रॅमचं पहिलं फंक्शन आधी घर लावून घेतं: फाइली कुठे आहेत, भाषा कोणती, आउटपुट कुठे जाणार, टर्मिनल किती रुंद. काही किंमती ते सेटक्यूने (व्हेरिएबलला किंमत द्यायची सूचना) ग्लोबल ठेवतं, काही लेटने बांधतं आणि त्या लेटच्या आत बाकी सगळा प्रोग्रॅम चालतो. तुम्ही थेट आतलं फंक्शन कॉल केलं तर यातलं काहीच झालेलं नसतं.

मॅक्सिमात हा मुख्य दरवाजा म्हणजे सीएल-यूझर पॅकेजमधलं (पॅकेज म्हणजे नावांचा वेगळा कप्पा) ‘रन’ हे फंक्शन. पण ते कॉल करून भागत नाही, कारण ते पुढे प्रॉम्प्ट दाखवून माणसाची वाट बघत बसतं. सुदैवाने तयारीचं काम वेगळं काढलेलं आहे. मॅक्सिमा पॅकेजमधलं ‘इनिशियलाइझ-रनटाइम-ग्लोबल्स’ लोड झाल्यावर एकदा कॉल करा, बऱ्याचशा तक्रारी तिथेच मिटतात. फोल्डरांचे पत्ते भरणारं ‘सेट-पाथनेम्स’ राहून गेलं तर बेरीज-वजाबाकी चालते आणि शेअर फोल्डरमधली जोड-फाइल लोड करायला गेलात की सापडत नाही. ही एरर उशिरा येते, त्यामुळे तिचं मूळ तयारीत आहे हे सुचायलाही वेळ लागतो.

दुसरा कुठलाही प्रोग्रॅम असो, पहिलं काम हेच: त्याचं मुख्य फंक्शन शोधा आणि संवाद सुरू होण्याआधी ते काय काय करतं ते ओळीने वाचा.

३. मूळ लेखकांनी डेफव्हारमध्येच किंमत का नाही दिली? आळस म्हणायचा का?

बहुतेक वेळा आळस नसतो. डेफव्हारमधली किंमत फाइल लोड होताना ठरते. मॅक्सिमासारखे प्रोग्रॅम लोड करून, पूर्ण इमेज, म्हणजे लोड झालेल्या स्थितीची प्रत, साठवून लोकांना दिले जातात. तुमच्या मशीनवरचा होम फोल्डर, तुमची भाषा, तुमचा टर्मिनल ही माहिती बांधणाऱ्याच्या मशीनवर असणार कशी? ती तिथे भरली तर चुकीची भरली जाईल. अशा ठिकाणी जागा रिकामी ठेवणं हाच प्रामाणिक मार्ग आहे: वाचायच्या आधी कुणी तरी भरलं पाहिजे, नाहीतर एरर येऊ दे. चुकीच्या पत्त्यावर गुपचूप जाण्यापेक्षा ही एरर बरी. इमेजचा विषय प्रश्न ११ मध्ये पुन्हा येतो.

४. सगळ्या अनबाउंड व्हेरिएबलना एकदाच नील देऊन टाकलं तर?

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो आणि माझं उत्तर स्पष्ट आहे: करू नका. रोग हल्याला आणि औषध पखालीला, असला प्रकार आहे. एरर गायब होते, तिचं कारण जागेवर राहतं. मार्गाच्या जागी नील मिळालेलं फंक्शन दहा पायऱ्या खाली जाऊन ‘नील ही स्ट्रिंग नाही’ म्हणून कोसळतं आणि तोवर मूळ जागा मागे राहून गेलेली असते. त्याहून वाईट म्हणजे नील म्हणजेच ‘खोटं’. ज्या ठिकाणी एखादी सोय चालू की बंद हे विचारलं जातं तिथे ती मुकाट्याने बंद होते आणि उत्तर चुकीचं येतं. एरर नाहीच.

मॅक्सिमात तर अनबाउंड असण्याला गणिती अर्थ आहे. तुम्ही एक्सचा वर्ग मागता तेव्हा एक्सला किंमत नसणं हीच अपेक्षा असते. मॅक्सिमाचा मूल्यमापक, म्हणजे ‘एमईव्हॅल’, नाव दिसलं की बाउंडपी या फंक्शनने किंमत आहे का ते विचारतो. किंमत असेल तर ती घेतो, नसेल तर ते नाव आहे तसं परत देतो. बीजगणित उभं आहे ते यावर. लिस्पचा नील मॅक्सिमात फॉल्स म्हणून दिसतो. म्हणजे तुम्ही सरसकट नील वाटलात तर एक्सच्या वर्गाऐवजी फॉल्सचा वर्ग मिळेल.

एखादं नाव किंमत नसताना वापरलं गेलं तर मॅक्सिमात एरर हवीच असेल, तर तीही सोय आहे: त्या नावावर ‘बाइंडटेस्ट’ हा गुण डिक्लेअर करायचा.

थोडक्यात दोन जाती आहेत. एक, प्रोग्रॅम चालण्यासाठी लागणारी आतली व्हेरिएबल. ती रिकामी असणं म्हणजे तयारी राहिली. दुसरी, वापरणाऱ्याची गणिती नावं. ती रिकामीच हवीत. आधी आपल्यासमोर कुठली जात आहे ते ओळखा.

५. नेमकी कुठली व्हेरिएबल भरायला लागतील हे शोधायचं कसं?

सोर्समध्ये अशा डेफव्हार ओळी शोधा जिथे नावानंतर लगेच कंस बंद होतो. ही यादी म्हणजे ‘मला कुणी तरी बांधेल’ म्हणणारी सगळी व्हेरिएबल. मग प्रत्येक नाव कुठल्या लेटमध्ये बांधलं जातं ते बघा. पुष्कळदा एकच बाहेरचं फंक्शन पाच-सहा नावं एकत्र बांधतं. तसं असेल तर तुमची चूक एवढीच, की तुम्ही एक पायरी जास्त आत उतरलात. ते बाहेरचं फंक्शन कॉल करा. स्वतः काही भरायची गरजच उरत नाही, आणि पुढच्या आवृत्तीत लेखकांनी सातवं नाव वाढवलं तरी तुमचं कोड मोडत नाही.

सोर्स फार मोठा असेल तर चालवूनही शोधता येतं. हँडलर-बाइंडने अनबाउंड-व्हेरिएबल पकडा, सेल-एरर-नेमने नाव काढा, लॉगमध्ये लिहा आणि एररला पुढे जाऊ द्या. आपली चाचणी उदाहरणं एकदा चालवली की यादी हातात येते. फक्त इतकं ध्यानात ठेवा की जी वाट चाचणीत चाललीच नाही तिथलं व्हेरिएबल या यादीत येणार नाही. म्हणून आधी सोर्स वाचणं, नंतर हे.

६. किंमत सेटक्यूने द्यायची की लेटने?

जी गोष्ट संपूर्ण प्रोसेसभर एकच राहणार, जसं की फोल्डरचे पत्ते, ती एकदा सेटक्यूने ठेवा. जी प्रत्येक कॉलपुरती आहे, जसं की आउटपुट कुठे जायचं किंवा कुठला पर्याय चालू, ती लेटने बांधा. लेटमधून कसंही बाहेर पडा, एरर येऊन का होईना, जुनी स्थिती आपोआप परत येते. सेटक्यूचं तसं नाही.

मी स्वतः एकच मॅक्रो (आपल्या कोडभोवती ठरावीक कोड घालणारा साचा) लिहितो. लायब्ररीला लागणारी सगळी बाइंडिंग त्यात असतात आणि माझ्या कोडमधून लायब्ररीला होणारा प्रत्येक कॉल त्याच्या आत असतो. नावांची यादी चालताना ठरणार असेल तर प्रॉगव्ही (नावांची आणि किंमतींची यादी घेऊन बांधणारी रचना) वापरा. पण त्यात एक खाच आहे: नावं जास्त आणि किंमती कमी दिल्या तर उरलेली नावं नील होत नाहीत, अनबाउंड होतात. अर्थात प्रश्न ४ मधली गणिती नावं तात्पुरती ‘रिकामी’ करायला हीच खाच उपयोगी पडते. प्रॉगव्हीला नावं द्या, किंमती देऊ नका. आतमध्ये एक्स कोरा, बाहेर आल्यावर पूर्वीसारखा.

७. लायब्ररी लोड करायच्या आधीच मी किंमत ठेवली तर चालेल?

डेफव्हार असेल तर चालतं. आधीपासून किंमत असेल तर डेफव्हार तिला हात लावत नाही, उजवीकडची राशी (किंमत काढायचं कोड) मोजतही नाही. डेफपॅरामीटर ही डेफव्हारसारखीच सूचना मात्र दर वेळी लिहिते, तुमची किंमत पुसली जाते. शिवाय आधी ठेवायची म्हणजे ते पॅकेज आधी अस्तित्वात हवं. म्हणून पॅकेजची फाइल, मग तुमची किंमत, मग बाकी लायब्ररी असा क्रम लावावा लागतो. जमतं, पण हा क्रम एएसडीएफच्या (लिस्पच्या फाइली क्रमाने लोड करणारं साधन) व्याख्येत नीट लिहा. हाताने फाइली लोड करून जमवलेला क्रम दुसऱ्याच्या मशीनवर टिकत नाही.

८. मी लेटने किंमत दिली, तरी आतलं फंक्शन म्हणतं अनबाउंड. हे कसं शक्य आहे?

दोनच शक्यता तपासा.

पहिली: तुमची फाइल कंपाइल झाली तेव्हा ते नाव स्पेशल आहे हे कंपायलरला माहीत नव्हतं, कारण डेफव्हार असलेली फाइल तोवर लोड झाली नव्हती. मग तुमचं लेट साधं लेक्सिकल (फक्त त्या लेटमध्ये लिहिलेल्या कोडला दिसणारं) बाइंडिंग करतं आणि दुसऱ्या फंक्शनला ते दिसत नाही. वापरलं नाही म्हणून कंपायलर बहुधा कुरकुरतो, तिकडे लक्ष द्या. आधी लायब्ररी लोड करा, मग आपली फाइल नव्याने कंपाइल करा.

दुसरी: नाव तेच, पॅकेज वेगळं. सीएल-यूझरमध्ये बसून तुम्ही ‘लाइनेल’ लिहिलंत तर लिस्प तिथे नवं कोरं चिन्ह तयार करतं. मॅक्सिमा पॅकेजमधल्या लाइनेलशी त्याचा संबंध नाही. आणि फाइलमध्ये इन-पॅकेज लिहिलं तरी ती फाइल लोड होऊन संपली की पॅकेज पूर्ववत होतं, कारण लोड स्वतःच पॅकेज आणि रीडटेबल बांधून ठेवतं.

मॅक्सिमात याच्या जोडीला अक्षरांचा खेळ आहे. मॅक्सिमातलं लहान लिपीतलं एक्स हे लिस्पमध्ये डॉलर चिन्ह लावलेलं मोठ्या लिपीतलं एक्स असतं, आणि मॅक्सिमातलं मोठं एक्स हे लिस्पमध्ये लहान. मिश्र लिपीतलं नाव जसंच्या तसं राहतं. हे उलटं-सुलटं न पाळल्यामुळे ‘किंमत दिली होती’ असं शपथेवर सांगणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांनी ती खरंच दिलेली होती, फक्त शेजारच्या नावाला.

९. बाउंडपी नील देतं, पण व्हेरिएबल तर समोर दिसतंय.

ते लेक्सिकल असणार. बाउंडपी आणि सिंबल-व्हॅल्यू फक्त डायनॅमिक किंवा ग्लोबल किंमत बघतात. लेटमधलं साधं व्हेरिएबल त्यांना दिसत नाही.

१०. एका थ्रेडमध्ये चालतं, नवीन थ्रेड काढला की अनबाउंड.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एसबीसीएलमध्ये (कॉमन लिस्प चालवणारा एक प्रोग्रॅम) नव्या थ्रेडला ग्लोबल किंमती दिसतात, जुन्या थ्रेडने लेटने बांधलेल्या दिसत नाहीत. तुम्ही प्रश्न ६ मधला मॅक्रो मुख्य थ्रेडभोवती गुंडाळला असेल तर तो कामगार थ्रेडपर्यंत पोचत नाही. मॅक्रो थ्रेडच्या फंक्शनच्या आत घाला. बोर्डो-थ्रेड्स ही थ्रेडची लायब्ररी वापरत असाल तर डिफॉल्ट-स्पेशल-बाइंडिंग्ज या यादीत नाव आणि राशी लिहून ठेवता येते.

एरर नको म्हणून थ्रेडमध्ये सेटक्यू करणं ही आगीतून फुफाट्यातली उडी आहे. त्या थ्रेडचं स्वतःचं बाइंडिंग नसेल तर सेटक्यू थेट ग्लोबल बदलतं आणि सगळे थ्रेड एकमेकांच्या किंमती तुडवतात. मॅक्सिमासारख्या, एका वेळी एकच माणूस गृहीत धरलेल्या प्रोग्रॅमला मी अनेक थ्रेडमधून एकदम कॉल करत नाही. कुलूप लावून एकेक, किंवा वेगळ्या प्रोसेस.

११. सगळं भरून इमेज साठवली. दुसऱ्या दिवशी उघडली तर काही किंमती आहेत, काही नाहीत.

एसबीसीएलचं इमेज साठवणारं सेव्ह-लिस्प-अँड-डाय ग्लोबल किंमती साठवतं, लेटची बाइंडिंग साठवत नाही. त्या आधी सुटतात. जे साठवलं जातं त्यातलंही काही उघडताना निरुपयोगी झालेलं असतं: उघड्या फाइलींचे स्ट्रीम, सीच्या मेमरीतले पत्ते. यादृच्छिक संख्यांची स्थितीसुद्धा गोठते, त्यामुळे दर वेळी इमेज उघडली की त्याच संख्या त्याच क्रमाने मिळतात. अशा गोष्टी इनिट-हुक्समध्ये (इमेज उघडताना चालणाऱ्या फंक्शनांची यादी) किंवा टॉपलेव्हल फंक्शनच्या सुरुवातीला नव्याने भरा.

१२. पायथन किंवा सीमधून वापरायचं असेल तर?

इथे ईसीएल हे दुसरं कॉमन लिस्प कामाला येतं, कारण ते सीच्या प्रोग्रॅममध्ये सामावून जातं. आधी ईसीएल सुरू करणारं सीएल-बूट, त्याशिवाय कुठलंच लिस्प फंक्शन नाही. मग तुमच्या मॉड्यूलचं इनिट फंक्शन, मग लायब्ररीची स्वतःची तयारी. सीने काढलेल्या थ्रेडमधून लिस्पला हाक मारायची असेल तर तो थ्रेड ईसीएलला आधी ओळख करून द्यावा लागतो.

सेज ही गणिती प्रणाली मॅक्सिमा नेमकी अशी वापरते: ईसीएलमार्फत, आपल्याच प्रोसेसमध्ये, आणि वर सांगितलेली तयारीची फंक्शनं स्वतः कॉल करते. तिथली आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मॅक्सिमा मध्येच विचारतं, ‘ए धन आहे की ऋण?’ टर्मिनलपुढे माणूस नसेल तर हा प्रश्न कुणाला? सेजने प्रश्न विचारणारं ‘रिट्रीव्ह’ हे फंक्शनच बदलून तिथे एरर उभी केली आणि आउटपुट रिकाम्या स्ट्रीमकडे वळवलं. तुमचा प्रोग्रॅम एरर न देता नुसता थांबून राहत असेल तर आधी इथे बघा. व्हेरिएबल भरलेलं आहे, पण ते कीबोर्डकडे बोट दाखवतंय.

१३. डीबगरमध्ये ‘किंमत द्या’ असे पर्याय येतात. ते कोडमधून निवडले तर?

येतं करता. यूज-व्हॅल्यू त्या एका वाचनापुरती किंमत देतं, स्टोअर-व्हॅल्यू कायमची ठेवतं. शोध घेताना फार सोयीचे आहेत. मात्र कायमस्वरूपी कोडमध्ये ‘कुठलंही अनबाउंड आलं की हे दे’ असं लिहिणं म्हणजे प्रश्न ४ मधली चूक दुसऱ्या वेषात. वापरायचेच तर ठरावीक नावांपुरते.

१४. डेफव्हारला किंमत दिली आहे, तरी कंपाइल करताना अनबाउंड येतं.

ते व्हेरिएबल कुठल्या तरी मॅक्रोच्या विस्तारात वाचलं जातंय. फाइल कंपाइल होताना डेफव्हार फक्त ‘हे स्पेशल आहे’ एवढी नोंद करतं, किंमत मोजत नाही. डेफव्हार वेगळ्या, आधी लोड होणाऱ्या फाइलीत हलवा किंवा इव्हॅल-व्हेनमध्ये (कंपाइल करतानाही कोड चालवायला सांगणारी रचना) घाला.

१५. एरर व्हेरिएबलची नाही, स्लॉटची आहे. उत्तर तेच का?

विचार तोच, साधनं वेगळी. क्लासच्या स्लॉटला (वस्तूतली किंमत ठेवायची जागा) इनिटफॉर्म, म्हणजे सुरुवातीची किंमत, नसेल आणि वस्तू तयार करतानाही किंमत दिली नसेल तर तो अनबाउंड राहतो. विचारायला स्लॉट-बाउंडपी, आणि अनबाउंड स्लॉट वाचला गेला तर काय करायचं हे स्लॉट-अनबाउंडची मेथड लिहून ठरवता येतं.

१६. कधी एरर येते, कधी विचित्र वस्तू हातात येते आणि पुढे सगळं कोसळतं.

सेफ्टी (कंपायलरने किती तपासण्या ठेवायच्या ते सांगणारा आकडा) शून्य ठेवून कंपाइल केलेलं कोड शोधा. तिथे ‘किंमत आहे का’ ही तपासणी गाळायची कंपायलरला मोकळीक असते. एसबीसीएलमध्ये ऑल्वेज-बाउंड अशी घोषणाही करता येते, पण ती वेगासाठी दिलेली हमी आहे, इलाज नाही. शोध संपेपर्यंत सेफ्टी तीनवर ठेवा.

१७. अनबाउंड आता येत नाही. पण तेच गणित दुसऱ्यांदा पाठवलं की उत्तर बदलतं.

हा याच आजाराचा शेवटचा टप्पा आहे. पहिल्या कॉलने मागे ठेवलेल्या किंमती दुसऱ्या कॉलला सापडतात: अझ्यूमने धरलेली गृहीतकं, बदललेले पर्याय, एक्सला दिलेली एखादी किंमत. माणूस समोर असताना ही आठवण सोयीची असते, लायब्ररीत ती गळती ठरते. मॅक्सिमात डेफएमव्हारने (मॅक्सिमाची डेफव्हारसारखी स्वतःची सूचना) नोंदवलेल्या पर्यायांच्या मूळ किंमती एका तक्त्यात जपलेल्या असतात आणि ‘रिसेट’ त्या परत आणतं. वापरणाऱ्याची नावं आणि गृहीतकं पुसायला ‘किल’ लागतं. दोन्हींची कामं वेगळी आहेत, एकाने दुसऱ्याचं भागत नाही. आणि किल केल्यानंतर तुम्ही सेटक्यूने ठेवलेल्या आपल्या किंमतींपैकी कुठल्या उरल्या ते एकदा छापून बघा. ज्या उडाल्या असतील त्या प्रश्न ६ मधल्या मॅक्रोत हलवा.